डिझेलची ताकद हवेत: पुण्यातल्या मोठ्या इंजिनांची पार्श्वभूमी

पुण्यात डिझेल इंजिन म्हटलं की दोन पत्ते आठवतात, खडकी आणि कोथरूड. शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स काढली आणि तिथली इंजिनं गावोगावच्या विहिरींवर जाऊन बसली. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्सशी भागीदारी करून कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, ती मोठ्या हॉर्सपॉवरसाठी. पुढे किर्लोस्कर बाजूला झाले आणि कंपनी कमिन्स इंडिया झाली.

या दोन टोकांमधलं अंतर आकड्यांत बघण्यासारखं आहे. मेकॅनिकलच्या पोरांनी लॅबमध्ये किर्लोस्करचं टीव्ही-१ पाहिलेलं असतं (निदान जर्नलमध्ये त्याची रीडिंग्ज तरी उतरवलेली असतात). एक सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८७.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ११० मिमी, सिलिंडरची मावणी ६६१ सीसी, १५०० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) ५.२ किलोवॅट. कमिन्सचं केटीए-५० म्हणजे १६ सिलिंडर आणि त्यांची मिळून मावणी ५० लिटर. बोअर-स्ट्रोक दोन्ही १५९ मिमी. जनरेटरवर तेही १५०० आरपीएमलाच फिरतं आणि हजार किलोवॅटच्या वर देतं. नुसता आकाराचा फरक असता तर मावणीच्या दर लिटरमागची ताकद सारखीच निघाली असती. पण छोटं इंजिन लिटरमागे ८ किलोवॅटच्या आत अडकतं आणि मोठं विसाच्या पुढे जातं. आरपीएम तेवढेच, डिझेलही तेच.

फरक हवेचा आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. डिझेल हवं तेवढं सोडता येतं, पण किलोभर डिझेल पुरतं जाळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि सिलिंडरात हवा मावते मोजकीच. यावरचा तोडगा आल्फ्रेड ब्यूची या स्विस इंजिनिअरने १९०५ च्या पेटंटमध्ये मांडला होता: एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरवायचं आणि त्याने हवा कोंबायची. हाच टर्बो. कोंबलेली हवा तापून विरळ होते, म्हणून मग तिला थंड करणारा आफ्टरकूलर आला. सिलिंडरातला दाब फार चढू नये म्हणून मोठ्या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन हवा किती पट दाबतो ते) कमी ठेवतात. टीव्ही-१ चा १७.५, केटीए-५० चा १४ च्या आसपास.

डिझेलची ताकद कमिन्सने जाहीरपणे दाखवली ती रेसिंग ट्रॅकवर. १९३१ च्या इंडियानापोलिस ५०० या अमेरिकेतल्या मोटार शर्यतीत त्यांची डिझेल गाडी एकदाही पिटमध्ये न थांबता पाचशे मैल धावली आणि तेरावी आली. १९५२ मध्ये टर्बो लावलेलं डिझेल इंजिन आडवं निजवून बसवलेल्या गाडीने चक्क पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा, घेतली. मात्र टर्बोचं तोंड जमिनीलगत होतं. ट्रॅकवरचा टायरचा चुरा त्यात गेला, हवा अडली आणि गाडी अर्ध्यात बाहेर. इंजिन मेलं नव्हतं, गुदमरलं होतं.

‘कस्टम’ इंजिन म्हटलं की लोकांना मुळापासून नवं काही वाटतं. बहुतेक वेळा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) तोच असतो, बाकीचं कामाप्रमाणे बेतलेलं असतं. स्टँडबाय जनरेटरला थोड्या वेळासाठी जास्त रेटिंग मिळतं, सतत चालणाऱ्याला कमी. बोटीवरच्या इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडतात. फायर पंपाचं इंजिन तर तापलं तरी स्वतःहून बंद पडू द्यायचं नसतं. तिथे इंजिनापेक्षा इमारत महत्त्वाची.

पुण्याने या ताकदीचा एक वेगळाच उपयोग २००६ मध्ये केला. महाराष्ट्रभर लोडशेडिंग चालू असताना सीआयआय या उद्योगांच्या संघटनेच्या पुढाकाराने कारखान्यांनी गर्दीच्या वेळी आपापले जनरेटर चालवले, ग्रिडवरची तेवढी वीज शहराला मिळाली आणि जादा खर्च वीजबिलात आकार लावून भरून काढला. वीज नियामक आयोगाने त्याला मान्यता दिली होती. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजलं. दुसऱ्या कुठल्या शहरात हे इतकं सहज जमलं असतं, असं मला वाटत नाही.

गॅरेजमध्ये मात्र अजून डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून ‘पॉवर वाढवून’ देणारे मिस्तरी भेटतात. स्क्रूने फक्त डिझेल वाढतं. हवा तेवढीच राहिली की न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं, एक्झॉस्ट तापतो आणि आधी टर्बो जातो, मग पिस्टन. कॉमन रेलच्या (संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या) गाड्यांत स्क्रूऐवजी लॅपटॉप आला, रिमॅपिंग (त्या संगणकातला प्रोग्राम बदलणं) आलं, पण हिशेब तोच आहे. जनरेटरला तर जुलै २०२३ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी-४ प्लस हे धुराचे नियम लागू झाले. बऱ्याच नव्या सेटमध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आणि धूर गाळणारी यंत्रणा आली, तेव्हा तिथे स्क्रूवाल्यांचं काम जवळपास संपलं.