साधं पेन्शन, स्पेशल पेन्शन आणि विधवेचं दुसरं लग्न

सासरचे म्हणतात, "दुसरं लग्न केलंस तर पेन्शन गेली म्हणून समज." माहेरचे म्हणतात, "छे, नियम कधीच बदलला, काही जात नाही." दोन्हीकडचे छातीठोकपणे बोलतात आणि दोघांचंही निम्मं बरोबर असतं, कारण बोलणं दोन वेगळ्या पेन्शनींबद्दल चाललेलं असतं. जवान गेल्यावर वर्ष-दोन वर्षांत घरोघरी हा घोळ होतो. तो ऐकून ऐकून मी कंटाळले आहे.

साधी फॅमिली पेन्शन बहुतेकांना माहीत असते. शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, सुरुवातीची काही वर्षं वाढीव ५० टक्के, किमान महिना ९,००० रुपये आणि वर महागाई भत्ता. मुलकी नोकरीतही जवळपास हेच, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

दुसरी ती स्पेशल. मृत्यू सैनिकी सेवेमुळे ओढवला किंवा सेवेमुळे आजार बळावला, तर ६० टक्के. लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत गेला, तर लिबरलाईज्ड, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी पूर्ण. टक्क्यांत कोणी फसत नाही, आकडा पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर (पेन्शन पेमेंट ऑर्डर), छापलेला असतो.

फसगत होते ती इथे: कोणती पेन्शन लागू होणार, हे माणूस वर्दीत होता की नाही यावरून ठरत नाही. मृत्यूचं कारण काय नोंदवलं गेलं, त्यावरून ठरतं. नोकरीत असलेला जवान रजेवर घरी आला आणि सेवेशी संबंध नसलेल्या आजाराने गेला, तर पत्नीला साधी. त्याच पलटणीतला दुसरा जण ड्यूटीवरच्या गाडीसकट दरीत कोसळला, तर स्पेशल. गावाने दोघांच्याही अंत्ययात्रेला फुलं उधळलेली असतात, फलकावर दोघांच्याही नावामागे "शहीद" लावलेलं असतं. पण "शहीद" हा सैन्याच्या कागदपत्रांतला अधिकृत शब्दच नाही आणि फलकावरून पेन्शन ठरत नाही. तो शब्द भावनेने वापरणाऱ्यांवर माझा राग नाही. त्याच्या भरवशावर एखाद्या पोरीला "तुझं काही जात नाही" असं सांगणाऱ्यांवर आहे.

आता लग्नाचं. मुलं असणं या दोन पेन्शनींमध्ये अगदी उलटं काम करतं, आणि हे मी सांगितल्यावर दहातले नऊ जण दोनदा विचारतात. साध्या पेन्शनीत मुलं असलेल्या विधवेने दुसरं लग्न केलं, की तिची पेन्शन सर्वसाधारणपणे थांबते आणि मुलांच्या नावावर जाते. मुलाला ती वयाच्या पंचविशीपर्यंत, किंवा त्याआधी लग्न झालं वा स्वतःची कमाई सुरू झाली तर तोपर्यंतच. मूल नसलेल्या विधवेची मात्र लग्नानंतरही चालू राहते. अट एकच: तिचं स्वतःचं इतर उत्पन्न किमान फॅमिली पेन्शनीइतकं झालं की ती बंद. स्वतःचं म्हणजे स्वतःचं. नव्या नवऱ्याचा पगार त्यात धरायचा नसतो, तरी लोक धरतात.

स्पेशल आणि लिबरलाईज्ड पेन्शन दुसऱ्या लग्नामुळे आपोआप बंद पडत नाही. मुलं असतील तर प्रश्न एवढाच की ती त्यांना सांभाळते का. सांभाळत असेल तर पूर्ण रक्कम तिलाच मिळत राहते. मुलं आजी-आजोबांकडे सोडून गेली, तर वाटणी होऊन मुलांचा हिस्सा वेगळा निघतो. म्हणजे साध्यात मुलांमुळे आईची पेन्शन जाते आणि स्पेशलमध्ये मुलांना सांभाळल्याने ती तिच्याकडे राहते. मला साध्याचा हा नियम अन्यायाचा वाटतो. पोरं पदरात असलेल्या बाईलाच आधाराची जास्त गरज असते.

आणि ते दिराचं प्रकरण. "दिराशी लग्न केलं तरच पेन्शन राहते" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मेलेल्या नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तर हक्क टिकतो, ही जुन्या सैनिकी नियमांतली सवलत होती. घरच्यांनी तिची सक्ती करून टाकली, कारण पैसा घरात राहतो. शौर्यपदकाच्या मासिक भत्त्यालाही ही अट चिकटलेली होती, ती संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली. आता वीरपत्नीने कोणाशीही लग्न केलं तरी तो भत्ता तिला हयातभर मिळतो. परमवीर चक्राला तो त्याच वर्षी महिना २०,००० झाला, सेना मेडलला २,०००. हा भत्ता पेन्शनीहून वेगळा आहे. तो चालू राहिला म्हणून पेन्शनही राहणारच, असं धरून चालू नका.

तेव्हा बोलणी करायला बसण्याआधी पीपीओ काढा आणि पेन्शनीचा प्रकार वाचा. कळत नसेल तर तो कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, भाऊबंदांकडे नको. आणि लग्न झालं की कळवा. लपवून घेतलेली साधी पेन्शन पुढे वसूल होते, आणि ती वसुली त्या बाईकडूनच होते, "कोणाला कळतंय" म्हणणाऱ्या मामाकडून नाही.