सुंभाचा पीळ नक्की असतो कुठे?

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण मुळात तो पीळ टिकतो कसा हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आमच्या मालवणातल्या घरी आजोबा पडवीत बसून मांडीवर सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, वळायचे, मी पण शेजारी बसून वळायचो आणि हात सोडला की माझा सगळा भसाभस उलगडायचा. आजोबा म्हणायचे, "एका पेडाचा काय होवचा नाय रे, दोन घे!"

सगळी गंमत त्या दोनातच आहे. काथ्याचा एक धागा जेमतेम वीतभर, म्हणजे विहिरीच्या पूर्ण दोरात सलग धागा एकपण नसतो, नुसते तुकडे. पिळामुळे ते एकमेकांवर दाबले जातात, दोर ओढला की अजून दाबले जातात, आणि घर्षणामुळे सरकतच नाहीत. पण एकटा पेड उलगडायला टपलेलाच असतो, म्हणून दोन्ही पेड उजवीकडे पिळायचे आणि एकमेकांभोवती मात्र डावीकडे गुंडाळायचे. आता पेड सुटायला बघतो तेव्हा दोर जास्तच आवळतो, दोर सुटायला बघतो तेव्हा पेड आवळतो, भांडण त्या दोघांचं आणि बादली आपली वर!

ही आयडिया आपल्या मानवप्रजातीची तरी आहे का देव जाणे, कारण फ्रान्समध्ये आब्री द्यु मारास इथे निअँडरथल या नामशेष झालेल्या वेगळ्या प्रजातीच्या माणसांच्या दगडी हत्याराला चिकटलेला दोरीचा तुकडा सापडला, २०२० मध्ये त्यावर पेपर आला. लांबी साधारण ६ मिलिमीटर, वय ४१ ते ५२ हजार वर्षं, झाडाच्या सालीचे तीन पेड, आणि पेडांचा पीळ एकीकडे तर दोरीचा बरोबर उलटा. आजोबांचीच पद्धत की!

काथ्या काढायला नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन् महिने पुरून ठेवायची. तो कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा, हवा नसलेल्या चिखलातल्या जिवाणूंचा. जिवाणू धाग्यांमधला पेक्टिनचा डिंक खातात, धागा मात्र त्यांना सहज पचत नाही कारण त्यात ४० टक्क्यांच्या आसपास लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारं द्रव्य, असतं. जळताना याच लिग्निनचा कोळसा सेल्युलोजपेक्षा जास्त उरतो, म्हणून वारा नसेल तर जळालेल्या सुंभाचे वेढे चुलीत तसेच दिसतात, हात लावला की भुगा.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच. काथ्याच्या एकेका पेशीच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिबारीक तंतू असतात ते सरळ नसतातच, साधारण ४५ अंशात स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असतात. गोणपाटाच्या तागात हाच कोन ८ अंशांच्या आसपास, त्यामुळे ताग फारसा ताणला जात नाही, लगेच तुटतो, आणि काथ्या मात्र लाटेवर होडीने हिसका दिला की आधी लांबतो. म्हणजे आजोबा मांडीवर घालायचे तो वरचा पीळ, आतला माडाने आधीच घालून ठेवलेला.