दातांचा ताप: हे निदान आलं कुठून?

सहा-सात महिन्यांच्या बाळाचं अंग गरम लागतंय, लाळ गळतेय, दोन-चार वेळा पातळ शी झाली, की घरातलं निदान ठरलेलं असतं: दात येताहेत. आजी तेच म्हणते, शेजारीणही तेच म्हणते. ही अडाणी बायकांनी पसरवलेली समजूत आहे, असं सुशिक्षितांना वाटतं. इतिहास मात्र वेगळा आहे. ही समजूत वैद्यकाच्या ग्रंथांत लिहिली गेली, वैद्य-डॉक्टरांनीच ती दोन हजार वर्षांहून अधिक काळ जपली आणि तिच्यावर शोधलेले उपाय अनेकदा आजारापेक्षा घातक ठरले.

ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत दात येण्याच्या वयात हिरड्यांची खाज, ताप, आकडी आणि जुलाब होतात, विशेषतः सुळे फुटताना, असं सांगितलं आहे. आपल्याकडे काश्यपसंहितेत बाळाच्या दातांवर स्वतंत्र अध्याय आहे. वाग्भटाचा 'अष्टांगहृदय' हा ग्रंथ साधारण सातव्या शतकातला. त्याच्या उत्तरस्थानात दात फुटणं हे सगळ्याच रोगांचं कारण म्हटलं आहे. ताप, जुलाब, खोकला, उलटी, डोकेदुखी यांचा तर नावानिशी उल्लेख आहे. मांजराच्या पाठीचा कणा मोडताना, मोराला तुरा फुटताना आणि बाळाला दात येताना शरीराचा असा एकही भाग नसतो जो दुखत नाही, असं तिथे म्हटलं आहे. मात्र त्याच अध्यायात वाग्भट सांगतो की दात येण्यातून झालेल्या आजारांत बाळाला फार पथ्य-उपचारांत जखडू नये, दात आल्यावर ते आपोआप शमतात. निदान चुकलं तरी या संयमामुळे बाळाला किमान औषधाचा त्रास झाला नसता. युरोपात हा संयम दिसत नाही.

सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाने आठ महिन्यांच्या एका मृत बाळाच्या हिरड्या कापून पाहिल्या. आत दात तयार होते. हिरडी वेळीच चिरली असती तर मूल वाचलं असतं, असा निष्कर्ष त्याने काढला. तिथून हिरडी चिरण्याची प्रथा रुजली ती तीनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. छोट्या धारदार पात्याने दाताला टेकेपर्यंत हिरडीत छेद घ्यायचा; जखम भरून आली आणि दात तरीही वर आला नाही, तर पुन्हा चिरायचं. अठराव्या शतकातला जॉन हंटर हा इंग्लंडचा नामवंत शल्यविशारद एकाच जागी दहा-दहा वेळा चिरण्याच्या बाजूचा होता. पातं निर्जंतुक करण्याची कल्पनाच तेव्हा नव्हती. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग आजारी बाळाला आणखी खचवत, आणि मूल दगावलं तर दोष दातांच्याच माथी जाई.

१८३९ या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये ५,०१६ मृत्यूंचं कारण 'दात येणं' असं नोंदलं गेलं. ही मुलं बहुतेक जुलाब, न्यूमोनिया, मेंदूज्वर, गोवर अशा आजारांनी गेली असणार. पण जंतू माहीत नव्हते आणि ताप मोजायचं साधनही रोजच्या वापरात नव्हतं. जर्मन डॉक्टर वुंडरलिशचं तापाच्या नोंदींवरचं मोठं काम १८६८मध्ये छापलं गेलं आणि इंग्रज डॉक्टर ऑलबटचा सहा इंची, पाच मिनिटांत वाचता येणारा थर्मामीटरही त्याच दशकातला. त्याआधी 'बारीक ताप' आणि 'फणफणलेला ताप' यांतला फरक हातावर आणि शब्दांवरच ठरत होता.

मग आली औषधं. अमेरिकेत १८४९पासून विकलं जाणारं 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' खास दात येणाऱ्या बाळांसाठी होतं. त्यात एका औंसाला सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन होतं. बाळ शांत होई, आणि काही बाळं पुन्हा जागी झालीच नाहीत. बाटलीवर मॉर्फिनसारखे घटक छापण्याची सक्ती १९०६च्या अमेरिकी कायद्याने झाली, तरी ते सिरप पुढेही बरीच वर्षं बाजारात राहिलं. मुंबईत तेच काम बाळागोळीने केलं. गिरणीत पाळी करणारी आई अफूची छोटी गोळी बाळाला चाटवून कामावर जाई. तिला दोष देण्याआधी पाळणाघर नव्हतं, दूध पाजायची सुटी नव्हती आणि रोज बुडवणं परवडत नव्हतं, हे लक्षात घ्यावं लागतं.

सगळ्यांत बोधप्रद कथा आहे ती पाऱ्याच्या पुडीची. ब्रिटनमध्ये दात येताना बाळाला कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असलेली, रेचक पुडी सर्रास दिली जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे लहान मुलांत एक विचित्र आजार दिसू लागला: हातापायांचे तळवे गुलाबी होऊन सोलले जात, मुलाला घाम फुटे, उजेड सोसेना, स्नायू ढिले पडत, सतत रडारड चाले. याला 'पिंक डिसीज' म्हणत. १९३९ ते १९४८ या दहा वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये त्याने ५८५ मुलं दगावली. १९४५मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे डॉक्टर योझेफ वारकानी यांना अशा मुलाच्या लघवीत पारा सापडला. लाळ गळणं, चिडचिड आणि हिरड्या सुजणं ही पाऱ्याच्या विषबाधेचीही लक्षणं आहेत. म्हणजे औषधाने आलेलं लक्षण दातांचं समजून त्याच औषधाची पुढची पुडी देण्याची पुरेपूर सोय होती. १९५४मध्ये ब्रिटनमधल्या पुड्यांतून पारा काढला गेला आणि काही वर्षांत आजार जवळपास नाहीसा झाला.

हा इतिहास तिथे संपत नाही. २००८मध्ये नायजेरियात दातांसाठीच्या एका सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रावक मिसळलं गेलं आणि किमान ८४ मुलं दगावली. हिरडीवर चोळायच्या जेलमधल्या बेंझोकेन या बधिर करणाऱ्या औषधामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता अचानक घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ते वापरू नये असं बजावलं. बेलाडोना ही विषारी वनस्पती असलेल्या 'दातांच्या गोळ्यां'बद्दलही त्याच संस्थेने इशारे दिले आहेत.

दात आणि ताप यांचा संबंध नीट तपासला गेला तो गेल्या काही दशकांत. २०००मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या अभ्यासात १२५ मुलांच्या ४७५ दातांच्या रोजच्या नोंदी ठेवल्या गेल्या. दात फुटण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, अशा आठ दिवसांत चावणं, लाळ, हिरड्या घासणं, किरकिर, कान चोळणं, घट्ट अन्न नको म्हणणं हे वाढलेलं दिसलं. अंगही किंचित कोमट होतं. पण ३८.९ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप आणि जुलाब यांचा दातांशी संबंध आढळला नाही. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये २१ मुलांच्या हिरड्या रोज तपासून आणि ताप मोजून ९० दातांचा माग काढला. तिथेही तापाशी नातं दिसलं नाही. तरीही त्या सगळ्या मुलांच्या पालकांनी आपल्या मुलाला दातांचा त्रास झाल्याचं सांगितलं. आठवण अशीच काम करते: दात दिसला की मागच्या आठवड्यातला ताप त्याला जोडला जातो.

खरं कारण वयात आहे. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि विसावा अडीच वर्षांच्या आसपास, म्हणजे या काळात दात सतत येतच असतात. नेमक्या याच काळात आईकडून मिळालेली, जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं कमी होतात, वरचं अन्न सुरू होतं, बाळ रांगतं आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. तीन-चार दिवस सणसणीत ताप आणि तो उतरल्यावर अंगावर बारीक गुलाबी पुरळ, हा रोझिओला याच वयातला. १९८८मध्ये त्याचा विषाणू ओळखला गेला. हर्पीस विषाणूच्या पहिल्या संसर्गात हिरड्या लाल होऊन सुजतात, तोंडात फोड येतात, बाळ पाणीही घेत नाही. हे तर हमखास दातांवर ढकललं जातं.

मग आईच्या अंदाजाचं काय? इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. 'दात येताहेत' हे निदान आहे. 'हे नेहमीसारखं नाही' हे निरीक्षण आहे, आणि ते आईइतकं अचूक दुसरं कोणी करू शकत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळातला जंतुसंसर्ग घरीच ओळखण्यासाठी जे निकष बसवले, त्यांत याच निरीक्षणाला जागा आहे: आधी नीट ओढणारं बाळ आता ओढत नाही, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले, अंग गार लागतं. यातला 'आधी' फक्त आईला माहीत असतो. अशी दोन लक्षणं एकत्र आली की संसर्ग धरून चालायचं.

बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये ३,८९० आजारी मुलांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१२मध्ये छापले गेले, 'काहीतरी गडबड आहे' असं डॉक्टरला आतून वाटण्याशी सर्वांत घट्ट जोडलेली पार्श्वभूमीची गोष्ट होती ती पालकांची काळजी: हा आजार आधीच्या आजारांसारखा नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये २००७मध्ये रायन साँडर्स हा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा, आईवडील पुन्हा पुन्हा काळजी बोलून दाखवत असताना, रुग्णालयात दगावला. २०१३पासून तिथे 'रायन्स रूल' आहे: आधी नर्स-डॉक्टर, मग प्रमुख नर्स, तरी समाधान नसेल तर एका ठरावीक क्रमांकावर फोन करून दुसऱ्या तज्ज्ञाची तपासणी मागता येते.

हाताच्या स्पर्शाला मात्र मर्यादा आहे. आईच्या हाताला ताप नाही असं वाटलं तर बहुतेकदा तो नसतो. आहे असं वाटलं तर अनेकदा थर्मामीटर नाही म्हणतो. म्हणून डिजिटल थर्मामीटर घरात हवा. काखेत थर्मामीटरचं टोक कातडीला टेकलेलं, हात अंगाशी धरलेला, बीप होईपर्यंत. दुपट्यात गुंडाळलेल्या किंवा नुकत्याच आंघोळ घातलेल्या बाळाचा आकडा फसवा असतो. पंधरा-वीस मिनिटं थांबून मोजावा. तीन महिन्यांखालचं बाळ आणि ३८ अंश (१००.४ फॅरनहाइट) ताप म्हणजे त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय. त्याहून मोठ्या बाळात आकड्यापेक्षा वागणं पाहावं: पाजायला घेतल्यावर ओढतं का, ताप उतरल्यावर खेळतं का, सहा-आठ तासांत शू झाली का, टाळू खोल गेली का, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का. आकडी आली, सगळं उलटून पडू लागलं किंवा उठवूनही बाळ नीट जागं होईना, तर वाट पाहायची नाही.

पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो: एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास. सगळ्यांत जास्त घोटाळा ड्रॉप्स आणि सिरप यांत होतो. ड्रॉप्समध्ये सहसा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५. आठ किलोच्या बाळाला ड्रॉप्स ०.८ ते १.२ मिलिलिटर पुरतात. सिरपच्या सवयीने तेच ५ मिलिलिटर दिले तर चौपटीहून जास्त औषध जातं. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. जुलाब असतील तर 'दातांचे' म्हणून सोडून न देता दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस, चमच्याने, सावकाश. अंगावरचं दूध चालूच. सहा महिन्यांवरच्या बाळाला डॉक्टर १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम झिंक देतात.

खऱ्या शिवशिवणाऱ्या हिरड्यांना स्वच्छ धुतलेल्या बोटाने हलका दाब किंवा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गार केलेली चोखणी पुरते. बर्फाच्या कप्प्यातली नको, हिरडी भाजल्यासारखी होते.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर तापाचे आकडे वेळेसकट, औषध किती आणि कधी दिलं, शेवटची शू आणि शेवटचं पाजणं लिहून न्यावं. 'घाबरलेय' म्हणण्यापेक्षा 'काल इतका वेळ खेळत होता, आज मान टाकतोय' हे वाक्य तपासणीची दिशा बदलतं. आणि ३८.५च्या वर ताप असूनही 'दात येताहेत' असं उत्तर मिळालं, तर कान, घसा, छाती पाहिली का आणि लघवी तपासायची का, हे विचारावं. या वयात कारण न सापडणाऱ्या तापामागे मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो आणि त्याचं दुसरं एकही लक्षण अनेकदा दिसत नाही. तपासणीसाठीची लघवी अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधीच घ्यावी लागते.