गोंडा आणि मखमली: एक लहान एक मोठा, एवढाच फरक नाही

गेल्या दसऱ्याला ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून दोन किलो झेंडू आणला होता, तोरण उतरवल्यावर आईने सुकलेली फुलं पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि जूनमध्ये गॅलरीतल्या ग्रो बॅगेत पेरून टाकली. शेजारच्या कुंडीत घोडबंदर रोडवरच्या नर्सरीतून आणलेला मखमली झेंडू होता, लाल-पिवळा, बुटका. ऑगस्टमध्ये शेजारच्या काकू आल्या, दोन्हीकडे बघून म्हणाल्या, "अगं हा खुजाच राहिला की, शेणखत घाल जरा." मी म्हटलं काकू, याला ट्रकभर शेणखत घातलं तरी हा गोंडा होणार नाहीये! मग त्यांना जे सांगत बसले तेच इथे लिहितेय, कारण हा घोळ खूप जणांचा होतो.

आपण तोरणाला, हाराला वापरतो तो मोठा, गच्च भरलेला केशरी नाहीतर पिवळा, कोकणातली माणसं ज्याला गोंडा म्हणतात, तो आफ्रिकन झेंडू. छोटा, बरेचदा तपकिरी-लाल पाकळीला पिवळी किनार असलेला, तो फ्रेंच, म्हणजे आपला मखमली. नावं दोन्ही फसवी आहेत, मूळ दोघांचं मेक्सिकोकडचं, आफ्रिका-फ्रान्सचा जन्माशी काही संबंध नाही. शास्त्रीय नावं त्यापेक्षा बरी, एक टॅजेटिस इरेक्टा म्हणजे ताठ उभा राहणारा आणि दुसरा टॅजेटिस पॅट्युला म्हणजे पसरणारा, कुंड्यांकडे नुसतं बघितलं तरी पटतं. आणि लाल रंग दिसला की डोळे मिटून मखमली समजा, गोंड्यात पिवळा-केशरी मिळतो, पांढुरका मिळतो, पण तो तपकिरी-लाल काही मिळत नाही.

खरा फरक पेशीत आहे. गोंड्याच्या पेशीत गुणसूत्रं २४ आणि मखमलीच्या पेशीत ४८, बरोब्बर दुप्पट. गंमत म्हणजे मखमली हा गोंड्याचा आणि बारीक पानांच्या एका तिसऱ्या झेंडूचा पूर्वी कधीतरी झालेला संकर, आणि मग त्याची गुणसूत्रं दुप्पट झाली, असं मानलं जातं. म्हणजे काकू ज्याला खुजा म्हणत होत्या त्याच्याकडे गोंड्यापेक्षा डबल सामान आहे.

गॅलरीत फरक जाणवतो तो पावसात. गोंड्याचं फूल भिजलं की स्पंजसारखं पाणी धरतं, मान टाकतं आणि आतून कुजतं, ठाण्याच्या जुलैत तर बघवत नाही. मखमली झटकून परत उभा. शिवाय गोंड्याला छोटा दिवस आवडतो, जूनमध्ये आपल्याकडे दिवस १३ तासांच्या वर असतो तेव्हा तो नुसता पाला वाढवत बसतो आणि दिवस लहान व्हायला लागले की मग कळ्या धरतो. मखमलीला दिवसाचं एवढं काही पडलेलं नसतं, पेरल्यापासून दीडेक महिन्यात फुलायला लागतो.

आता आईच्या पेरणीचं काय झालं ते. बिया उगवल्या छान, पण बारा रोपांत एकच फूल बाजारासारखं भरगच्च, तिघांना तर पाकळ्यांची एकच ओळ आणि मधे पिवळी चकती, बाकी अधलेमधले. आई म्हणाली फुलवाल्याने फसवलं. फुलवाला बिचारा काय करणार, त्याने फूल विकलं, बी नाही.

हे समजायला एक फूल उकलून बघा. झेंडूचं एक फूल म्हणजे मुळात एक फूल नसतंच, ती शंभरेक फुलांची जुडी असते. आपण पाकळी म्हणून जी ओढतो ती प्रत्येक एक वेगळं मादी फूल, तिच्या खालीच ती काळी काडीसारखी बी आणि तिला भुरकट शेपटी. पराग असतो तो मधल्या चकतीतल्या नळीसारख्या फुलांत. फूल जितकं भरगच्च तितकी चकती कमी, म्हणजे परागही कमी.

गोंड्याचं एफ-वन संकरित बी, म्हणजे दोन ठरलेल्या जातींच्या संकराची पहिली पिढी, बनवणारे यातच एक युक्ती करतात. गोंड्यात अशी नरवंध्य झाडं सापडतात ज्यांच्या फुलाला ना पाकळ्या ना पराग, नुसता दोऱ्यांचा ब्रश. दिसायला अगदीच भिकार, पण बी धरतात! त्यांच्यावर भरगच्च फुलाच्या जातीचा पराग पाडला की होणारी पोरं सगळी एकसारखी भरगच्च. कात्रीने एकेक नळी काढत बसायची कटकट वाचते. पण हा गुण दबका, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, असल्याने बी तयार करणाऱ्या ओळींत निम्मी झाडं परागवाली निघतात, ती ओळखून वेळेत उपटावी लागतात, म्हणून हे बी महाग. आणि याच संकराचं बी घरी धरलं की पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण सुटे होऊन बाहेर येतात. आमच्या एका ओळीच्या पाकळ्या तिथूनच आल्या असणार, वर मधमाश्या कुठला पराग आणतील तेही सांगता येत नाही.

दुसरा रस्ता सरळ वाणाचा, म्हणजे ज्याचं बी पेरलं की तसंच झाड येतं त्याचा. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचा पुसा नारंगी गेंदा असाच, क्रॅकर जॅक आणि गोल्डन ज्युबिली या दोन जातींचा संकर करून मग पिढ्यान् पिढ्या निवड केलेला, याचं बी धरता येतं. निवडीला किती वेळ लागतो विचाराल तर अमेरिकेत बर्पी बियाणे कंपनीने १९५४ मध्ये शुभ्र पांढऱ्या झेंडूला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं, ते १९७५ मध्ये आयोवातल्या ॲलिस व्हॉंक नावाच्या बाईंना मिळालं, घरच्या बागेत दर वर्षी सगळ्यात फिक्या फुलाचं बी धरत धरत. एकवीस वर्षं!

मखमलीत बहुतेक जाती या सरळच, त्यामुळे माझं सरळ मत, घरचं बी धरायचं तर मखमलीचं धरा आणि दसऱ्याच्या गोंड्याचं बी दर वर्षी विकत घ्या.

या दोघांचा क्रॉस केला तर? होतो, पण २४ आणि ४८ च्या मधे ३६ येतात, त्यांच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून झाड वांझ. बागवाले त्याला खेचर झेंडू म्हणतात. फूल गोंड्यापेक्षा छोटं, मखमलीपेक्षा मोठं, आणि बी धरायला ताकद खर्चच होत नाही म्हणून फुलत सुटतं. बी उगवायला मात्र जिवावर येतं, मी ऑनलाइन मागवलेल्या दहातल्या चारच उगवल्या. काकूंना नेमकं तेच झाड आवडलं, "याचं बी दे हं मला", म्हणून मी एक सुकलेलं बोंड त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी तिथेच फोडलं, चिमटीत काड्या दाबून बघितल्या, सगळ्या चपट्या, पोकळ. "खतच कमी पडलंय गं याला," म्हणाल्या.