बटण बंद म्हणजे करंट बंद? नव्हे!

"बटण बंद कर, पायात स्लीपर घाल, काय होत नाही!" लाईटचं बटण बदलताना हा सल्ला कोल्हापुरात पेठेपेठेत मिळतो. तो चुकीचा आहे.

बटण फक्त पुढं दिव्याकडं जाणारी वाट तोडतं. बोर्ड उघडून बघा: फेजची, म्हणजे करंट आणणारी वायर एका बटणावरून दुसऱ्यावर लूप करत नेलेली असते. सगळी बटणं बंद केली तरी त्या लूपच्या प्रत्येक स्क्रूवर २३० व्होल्ट हजर असतात. जुन्या वाड्यांत कधीकधी बटण न्यूट्रलवर, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरवर जोडलेलं सापडतं. मग दिवा विझलेला, पण होल्डरमध्ये फेज जिवंत!

स्लीपरचं म्हणाल, तर एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला की करंट छातीतून जातो, पायाचा संबंधच येत नाही. त्यात पावसाळ्यात इथल्या भिंती ओल्या.

म्हणून मेन स्विच पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, हे हटकून विसरलं जातं. टेस्टर मेन पाडायच्या आधीच चालू सॉकेटवर पेटतो का बघा, मेन पाडल्यावर बोर्डातला प्रत्येक स्क्रू तपासा आणि शेवटी परत चालू जागी, म्हणजे शेजाऱ्यांच्या सॉकेटवर, टेस्टर बघून घ्या. वायरच्या रंगावर विसंबू नका. फेजची लाल संपली म्हणून तिथं न्यूट्रलची काळी ओढणारे महाभाग आहेत. काढण्याआधी मोबाईलवर जोडणीचा फोटो काढा. वायर जळकी किंवा ठिसूळ दिसली तर मात्र वायरमनच बोलवा.