चार बोल्ट नेमकं काय काम करत होते?

५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मॅक्स ९ विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडहून उडालं आणि काही मिनिटांतच त्याच्या भिंतीचा एक तुकडा बाहेर उडून गेला. आत १७७ माणसं होती, सगळी वाचली. हा विषय निघाला की अजूनही ऐकू येतं, "बोल्ट ढिले होते, हवेच्या दाबाने तुटले." दोन्ही चूक. बोल्ट ढिले नव्हते, तुटलेही नाहीत. ते जागेवर नव्हतेच. आणि हवेचा दाब पेलणं हे तर मुळात त्यांचं कामच नव्हतं. मला या प्रकरणात सगळ्यात आवडतं ते हेच.

तो तुकडा म्हणजे 'डोअर प्लग'. दाटीवाटीने खुर्च्या बसवणाऱ्या कंपन्यांना त्या जागी संकटकाळचं जादा दार लागतं. बाकीच्यांच्या विमानात ते भोक प्लगने बुजवतात. आतून पाहिलं तर नेहमीची भिंत आणि खिडकी. उंची सुमारे दीड मीटर, रुंदी पाऊण मीटर, वजन तीसेक किलो.

विमान तेव्हा १४,८०० फुटांच्या आसपास होतं. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४०० ग्रॅमने जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं. पण प्लगचं क्षेत्रफळ अकरा हजार चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की साडेचार टनांच्या आसपास जोर येतो. आतून एक हत्ती टेकून उभा आहे असं समजा.

या हत्तीला अडवतात ते प्लगच्या दोन्ही कडांवरचे मिळून १२ ठोकळे. समोर चौकटीवर तसेच १२ खुंट असतात. हवा प्लगला बाहेर रेटते, ठोकळे खुंटांवर जाऊन टेकतात, आणि दाब वाढेल तसे आणखी घट्ट टेकतात. देखभालीसाठी प्लग उघडायचा तर आधी तो थोडा वर उचलावा लागतो. ठोकळे खुंटांच्या वाटेतून बाजूला झाले की मगच तो खालच्या बिजागरीवर बाहेर झुकतो. उचलणं सोपं जावं म्हणून खाली स्प्रिंगा असतात, त्या त्याला सतत वर ढकलत राहतात.

चार बोल्ट असतात ते एवढ्यासाठीच, की प्लग वर सरकू नये. गावाकडचं लोखंडी फाटक आठवा. खुंटीच्या बिजागरीवर बसवलेलं फाटक कोणी उचलून नेऊ नये म्हणून वेल्डर वरच्या खुंटीवर एक टाका मारून देतो. फाटकाचं वजन तो टाका पेलत नाही, पण तो नसेल तर फाटक राहील याची खात्री नाही. म्हणूनच हे विमान बोल्टांशिवाय दोन महिने बिनबोभाट उडत राहिलं. घर्षणाने प्लग धरून ठेवला होता. थरथरीने तो हळूहळू वर चढत गेला आणि एके दिवशी ठोकळे खुंटांवरून सुटले.

बोल्ट नव्हतेच, हे कशावरून? त्यांच्या नटांतून कॉटर पिन घातलेली असते, त्यामुळे ते आपोआप फिरून पडत नाहीत. आणि असते तर जाताना त्यांनी भोकांच्या कडा ओरबाडल्या असत्या. कडा शाबूत होत्या.

प्लग गेला त्या भोकाशेजारच्या २६ए आणि २६बी या खुर्च्या योगायोगाने रिकाम्या होत्या.   

बोल्ट गेले कुठे, याचं उत्तर कारखान्यात आहे. विमानाचा सांगाडा अमेरिकेतल्याच विचिटा शहरातल्या स्पिरिट एरोसिस्टिम्स या पुरवठादार कंपनीकडून सिॲटलजवळच्या रेंटनला, बोइंगच्या कारखान्यात आला, तेव्हा प्लगजवळचे पाच रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) खराब निघाले. सप्टेंबर २०२३ मध्ये ते बदलायला प्लग उघडला. बोल्ट काढल्याची नोंद कुणी केली नाही, त्यामुळे परत बसवल्याची तपासणीही कुणाच्या यादीत आली नाही. कामगारांनी एकमेकांना पाठवलेल्या एका फोटोत प्लग बंद आहे, पण बोल्टांच्या तीन जागा रिकाम्या दिसतात. चौथी इन्सुलेशनखाली झाकलेली. दारांच्या पथकात २४ जण होते, त्यांतल्या एकानेच असा प्लग पूर्वी उघडला होता. तो नेमका रजेवर होता.

असा हात बसलेला माणूस एका वर्षात तयार होत नाही. कोविडच्या काळात बोइंगमधले असे बरेच जुने हात गेले, आणि नव्यांना नीट शिकवलं नाही हे अपघाताचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी मंडळानेच (एनटीएसबी) नोंदवलं. नंतर १३ सप्टेंबर २०२४ ला सुमारे ३३,००० कामगार संपावर गेले. पगार आणि पेन्शन तर होतंच, शिवाय गुणवत्तेच्या निर्णयांत आपलंही ऐकलं जावं असं संघटनेचं म्हणणं होतं.  सात आठवड्यांहून जास्त काळ रेंटनमध्ये मॅक्सची जोडणी बंद होती.