पडसे आणि फ्लू: दुखणे सुरू कसे झाले ते पाहा

भाद्रपदात पाऊस लांबला की लातूर-परभणीकडे ‘पडसं झालंय’ आणि ‘व्हायरल आहे’ ही दोन्ही वाक्ये एकाच अर्थाने बोलली जातात. दोन्ही आजार विषाणूंचेच असल्याने ही गल्लत स्वाभाविक आहे. परंतु पडसे बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरसमुळे होते, त्याला नाकातील सुमारे ३३ अंश सेल्सिअसचा गारवा मानवतो आणि म्हणून ते सहसा नाका-घशातच घुटमळते. फ्लूचा इन्फ्लुएंझा विषाणू मात्र फुप्फुसापर्यंत उतरू शकतो.

ओळखण्याची खरी खूण दुखण्याच्या सुरुवातीत असते. पडसे एक-दोन दिवसांत हळूहळू वाढते: आधी घसा खवखवतो, मग शिंका येतात, नाक गळते, तरी माणूस कामावर जातो. फ्लूमध्ये सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी अंथरूण धरतो. थंडी वाजून ताप येतो, डोके ठणकते, कोरडा खोकला लागतो आणि अंग मोडून येते. ही अंगदुखी मुख्यतः विषाणूशी लढताना शरीर जी रसायने रक्तात सोडते त्यांची असते.

दोन्ही आजार खोकल्या-शिंकांच्या तुषारांतून आणि हातांवाटे पसरतात. भिजण्यातून विषाणू जन्मत नाही. पावसामुळे खिडक्या लावून घेतलेल्या एसटीत तो सहज पसरतो, हे खरे. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच संसर्ग देऊ लागतो, त्यामुळे आजारी दिसणाऱ्यांनाच टाळून भागत नाही. भारतात पावसाळ्यातल्या लाटेनंतर फ्लूची दुसरी लाट जानेवारी ते मार्चमध्ये येते, म्हणजे बीडची ऊसतोड कुटुंबे कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, दाटीने राहत असतात तेव्हाच. तिथे रुग्णाला वेगळे झोपवा हा सल्ला देणे सोपे, पाळणे कठीण.

दोन्हींवर अँटिबायोटिक निरुपयोगी आहे, तरी ते मागून घेतले जाते. फ्लूवर ऑसेल्टामिव्हिर हे औषध आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. म्हणून गरोदर स्त्रिया, वृद्ध, लहान मुले, मधुमेही व दमेकरी यांनी वाट पाहू नये. विषाणू रूप बदलत असल्याने लसही दरवर्षी घ्यावी लागते. २००९ मध्ये ज्याने धास्ती घातली तो स्वाइन फ्लूचा विषाणू आता याच हंगामी फ्लूत सामील आहे.

ताप उतरून बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप चढला, दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.